मापात पाप आणि पंख्याची घरघर

गेल्या महिन्यात ताथवड्याला भाच्याच्या खोलीवर गेलो होतो. इंजिनिअरिंगला आहे, तिघं मिळून राहतात. चहा घेत बसलो आणि कोपऱ्यातून घरघर सुरू झाली. मला वाटलं, शेजारी कुणी मिक्सर लावलाय. भाचा म्हणाला, "मामू, कॉम्प्युटर आहे. प्रोसेसरवरचा पंखा." घेऊन जेमतेम चार महिने झालेले. एक जण रात्री अभ्यासाला बसला की बाकी दोघं कानात कापूस घालून झोपतात. संध्याकाळी दुकानात गेलो. उत्तर तयार होतं, "चाचा, पंखा आहे, आवाज करणारच."

या उत्तराशी माझं भांडण आहे.

पंखा फिरला की हवेची सळसळ होणार, हे मान्य. पण घरघर हा हवेचा आवाज नाही. स्वस्त पंख्यात आस तेल मुरवलेल्या एका छोट्या बुशमध्ये फिरतो. बुश नीट केलेला असेल, तेल पुरेसं असेल, तर हाच पंखा काही वर्षं मुकाट्याने चालतो. तेल वाचवलं, बुश ढिला ठेवला, पाती एकसारख्या वजनाची नसली, की आस डगमगतो आणि सगळा डबा थरथरतो. त्यात दोनच वायरी असतील तर काम असो-नसो, पंखा बहुधा पूर्ण वेगाने पळतो. चार वायरींच्या पंख्याचा वेग मदरबोर्ड गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो. शेवटी पंखा मंदावतो, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला कामाचा वेग उतरवतो. म्हणजे पैसे ज्या वेगाचे मोजले, तो वेगही हातात येत नाही.

आणि हे कुठे घडतंय? ताथवड्यापासून काही किलोमीटरवर चिंचवडला एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना आहे. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये आपलीच पोरं मायक्रोमीटर घेऊन उभी असतात. माप चुकलं की जॉब रिजेक्ट. दिवसभर दुसऱ्याच्या गाडीसाठी केसाएवढी चूक न चालवून घेणारा माणूस संध्याकाळी स्वतःच्या मुलासाठी घरघरणारा पंखा घेतो आणि वर म्हणतो, चालायचंच.

"स्वस्तात असंच मिळणार," असं म्हणणारे भेटतील. स्वस्त विकणं गुन्हा नाही. गरिबाला स्वस्त वस्तू लागते. गुन्हा आहे तो लपवण्याचा. हदीसमधला प्रसंग बहुतेकांना माहीत आहे. पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यांचा सवाल साधा होता: मग ओलं धान्य वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं? फसवणारा आमच्यातला नाही, असंही त्यांनी बजावलं. कुरआनची ८३ वी सूरह, अल-मुतफ्फिफीन, तर माप मारणाऱ्यांवरच सुरू होते. चकचकीत स्टिकर आणि रंगीत दिवे वर, कोरडा बुश खाली: ही ओल्या धान्याचीच रास आहे. ताजवा बदलला, पाप तेच.

आता घरातलं बोलतो. कॉम्प्युटर-मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात आपली पुष्कळ मुलं आहेत. जुन्या पंख्यात तेलाचा थेंब सोडून, पुसून, नवा म्हणून बसवणारा हातही कधी कधी आपलाच असतो. तेलाने आठ-पंधरा दिवस शांतता मिळते, हे त्यालाही ठाऊक असतं. जुम्याला पहिल्या सफमध्ये उभं राहून हे धुतलं जात नाही. "जुना आहे, एवढ्याला देतो" हे एक वाक्य बोलायला काय जातं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीतली भंगाराची गोदामं महापालिकेने पाडली. भंगारवाल्यांमुळे शहर घाण होतं, असं तेव्हा पुष्कळांनी ऐकवलं. चार महिन्यांत भंगार होणारा माल काचेच्या कपाटात मांडून विकणाऱ्याला मात्र कुणी काही बोलत नाही. भंगार तयार करणारा शेठ आणि उचलणारा गुन्हेगार, हा कुठला न्याय?

ग्राहकानेही तोंड उघडावं. पक्कं बिल मागा. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असायलाच हवा. तसा नियम आहे. दुकानातच पंखा चालवून ऐका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ वर फोन करून पाहा.

भाच्याने बिल घेतलं नव्हतं. "दोनशे रुपये वाचले, मामू," म्हणाला. मी त्याला त्या घरघरीकडे बोट दाखवलं. वाचलेले दोनशे रुपये रात्रभर तेच तर बोलत असतात.