नवीनच घ्या!

‘सहा वर्षं झाली? मग आता नवीनच घ्या.’ लॅपटॉप हळू चालतो अशी तक्रार घेऊन कुठेही जा, हे वाक्य ऐकू येतंच. दुकानदार म्हणतो, सेवा केंद्रातला गळ्यात ओळखपत्र अडकवलेला मुलगा म्हणतो, आयटीतला भाचा म्हणतो. यातल्या एकानेही यंत्र उघडून पाहिलेलं नसतं. वय विचारलं, निदान झालं. माझं म्हणणं असं, की हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं आणि ज्यांना ते सर्वांत महाग पडतं त्यांनाच ते सर्वांत जास्त ऐकवलं जातं.

मुळात लॅपटॉप म्हातारा होतो म्हणजे त्यातलं काय म्हातारं होतं? प्रोसेसर म्हणजे काही गुडघा नव्हे. २०१७ साली तो सेकंदाला जितकी गणितं करत होता तितकीच आजही करतो. (पंख्यात धूळ साचली, प्रोसेसरवरची पेस्ट वाळली तर तो तापतो आणि आपला वेग स्वतःच कमी करतो हे खरं. पण ते तासाभराच्या साफसफाईचं काम आहे, अंत्यविधीचं नव्हे.) बॅटरी दमते, बिजागऱ्या खिळखिळ्या होतात. पण ‘हळू चालतो’ या तक्रारीचा दोन्हींशी फारसा संबंध नाही.

संबंध असतो तो आत गरगरणाऱ्या तबकडीशी. स्वस्त लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९० वेळा. ऐकायला जोरदार वाटतं. पण माहितीचा एखादा तुकडा हवा असेल तर वाचणारी सुई आधी योग्य त्या वर्तुळावर न्यावी लागते आणि मग तो तुकडा फिरत फिरत सुईखाली येईपर्यंत वाट पाहावी लागते. या येरझारीत पंधरा-अठरा मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेले तुकडे सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर. आणि लॅपटॉप सुरू होताना, ब्राउझर उघडताना, मागच्या मागे अँटिव्हायरस चाळणी लावत असताना हवे असतात ते असे हजारो विखुरलेले तुकडे. प्रोसेसर हात बांधून बसलेला असतो. टास्क मॅनेजर उघडून पाहा: डिस्क १०० टक्के, प्रोसेसर १२. तालुक्याच्या कचेरीत साहेब रिकामे आणि दफ्तर शोधायला गेलेला शिपाई परतलेला नाही, तसला प्रकार. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तिला तोच तुकडा काढून द्यायला मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो.

दुसरी चणचण मेमरीची. चार जीबी रॅममध्ये विंडोज १० स्वतः पथारी पसरून बसते. त्यावर ब्राउझरच्या आठ-दहा खिडक्या उघडल्या की जागा संपते आणि उरलेलं सामान डिस्कवर टाकलं जातं. हवं झालं की परत आणलं जातं. त्याच, सेकंदाला साठ-सत्तर तुकडे देणाऱ्या डिस्कवरून! म्हणजे एका उणिवेने दुसरीच्या पाठीवर बसायचं. तबकडी काढून एसएसडी बसवली आणि चारच्या जागी आठ जीबी केली, की तोच ‘म्हातारा’ वीसेक सेकंदांत कामाला लागतो. दोन्ही जमत नसेल तर आधी एसएसडी. फरकाचा मोठा वाटा तिचाच असतो.

आता खरी गंमत. हे लॅपटॉप पुढे हळू झाले असंही नाही, ते हळूच विकले गेले. २०२० साली, शाळा पडद्यावर गेल्या तेव्हा, हजारो घरांनी हप्त्यांवर जे लॅपटॉप घेतले त्यांतल्या कितीतरींच्या खोक्यावर ‘१ टीबी’ असं ठळक छापलेलं होतं. तबकडीचे फेरे कुठेही मोठ्या अक्षरांत नव्हते. गिऱ्हाइकाला आकडा मोठा दिसला, कंपनीला जुना माल खपवता आला. चौथीतल्या पोराच्या ऑनलाइन तासाला एक टीबी कशाला लागते, हे काउंटरवर कोणी विचारलं नाही. २५६ जीबीची एसएसडी घातली असती तर त्या घरांना पाच वर्षं तो फिरता गोल बघत बसावं लागलं नसतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत ओळखीपाळखीतले तीसेक लॅपटॉप मी उघडले असतील. मी इंजिनिअर नाही, भाषांतरं करून पोट भरतो. पण एक बारका स्क्रू ड्रायव्हर आणि सगळ्या माहितीची आधी काढलेली प्रत एवढ्यावर हे काम होतं. साताऱ्याची मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचा लॅपटॉप २०१८चा. सेवा केंद्राने, तो न उघडताच, पंचेचाळीस हजारांच्या नव्या यंत्राचा कागद तिच्या हातात ठेवला होता. मी २०२३मध्ये त्यात एसएसडी आणि मेमरीची दुसरी पट्टी बसवली. दोन्ही मिळून साडेतीन हजारांच्या आत. चालू करून तिच्यासमोर ठेवला तर ती म्हणाली, “अरे, बंद पडला वाटतं. घरघर ऐकू येत नाही.” शाळेच्या सगळ्या माहित्या ती आजही त्याच यंत्रावर भरते.

हे सांगण्यात माझी हुशारी नाही. आपल्या आज्यांना हे शहाणपण होतंच. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की आमटी कळकायची, तेव्हा पातेलं जुनं झालं असं कोणी म्हणत नसे. कल्हईवाल्याची वाट पाहत. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारी बाई दारावरून हाक देत जायची. वस्तू म्हणजे काय आणि तिचा झिजणारा भाग कोणता, याचा भेद घराघरात माहीत होता. लॅपटॉपच्या बाबतीत तो भेद आपल्याला माहीत होऊ नये, अशी व्यवस्था मात्र आता पद्धतशीर उभी राहिली आहे.

२००६च्या मॅकबुकमध्ये मेमरी आणि हार्ड डिस्क कशी बदलायची हे कंपनी स्वतःच्याच पुस्तिकेत सांगत होती. २०१२च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये मेमरी बोर्डावर कायमची सोल्डर झाली. मग बाकीचे त्याच वाटेने निघाले. २०१७च्या मायक्रोसॉफ्ट सर्फेस लॅपटॉपला आयफिक्सिटने दुरुस्तीयोग्यतेत दहापैकी शून्य गुण दिले. स्लॉट गेला की खरेदीच्या दिवशीच ठरवा, पाच वर्षांनी तुम्हाला किती मेमरी लागणार आहे. आणि ठरवाल तो भाव कंपनीचा: एम१ मॅकबुक एअरमध्ये आठच्या जागी सोळा जीबी हवी असेल तर वीस हजार रुपये जास्त मोजावे लागत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सोल्डर केलेली मेमरी प्रोसेसरच्या जवळ बसते, वीज कमी खाते, यंत्र पातळ होतं. खोटं नाही ते. पण मग २०२४च्या थिंकपॅड पी१मध्ये तसलीच कमी वीज खाणारी मेमरी, स्क्रूने काढता-घालता येणाऱ्या एलपीकॅम२ पट्टीवर कशी बसली? त्याच वर्षीच्या थिंकपॅड टी१४मध्ये दोन पूर्ण स्लॉट परत कसे आले? त्याच्या आधीच्या पिढ्यांत अर्धी मेमरी सोल्डर केलेली होती. म्हणजे ठरवलं की जमतं. आणि मुळात तीन मिलिमीटर पातळ लॅपटॉप द्या म्हणून मोर्चा घेऊन कोण गेलं होतं?

सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी नाही. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालच्या जवळजवळ सगळ्या प्रोसेसरांना दारातच अडवते. सातव्या पिढीचे लॅपटॉप २०१८मध्येही दुकानात सर्रास होते. सुरक्षिततेचं कारण दिलं जातं. त्यात तथ्य आहे, पण धडधाकट यंत्राला भंगार ठरवण्याइतकं आहे असं मला वाटत नाही. अशा यंत्रांवर लिनक्स मिंट घालावं, त्यात मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलकही तयार असतो. अर्थात श्रीलिपीवर आयुष्य काढलेल्या अक्षरजुळणीकाराला हा सल्ला देऊन पाहा, तो तुम्हाला चहा न विचारता वाटेला लावेल, आणि त्याचं बरोबर असेल.

टाकून दिलेली यंत्रं जातात कुठे? बरीच दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत, जिथे बोर्ड उघड्या हातांनी फोडले जातात आणि तांब्यासोन्यासाठी तेजाबात बुडवले जातात. लॅपटॉपमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो वापरण्यात नसून बनवण्यात असतो. त्यामुळे ‘नवा घ्या, वीज कमी खातो’ हा युक्तिवाद ऐकला की मला हसू येतं.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ उघडलं. संकेतस्थळाने स्लॉट येत नाही. माझी मागणी अगदी बारीक आहे: मेमरी आणि साठवण बदलता येते की नाही, किती स्लॉट आहेत, कमाल किती जीबी चालते, हे खोक्यावर किमतीच्या शेजारी, किमतीच्याच आकाराच्या अक्षरांत छापा. सरकारी पैशातून शाळांसाठी जो लॅपटॉप घेतला जाईल त्यात तरी स्लॉट सक्तीचा करा.

तोवर आपण काय करायचं? टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘स्लॉट वापरात’ असा आकडा असतो. दोनपैकी एक दिसला तर तुम्ही नशीबवान. पट्टी डीडीआर३ची की डीडीआर४ची ते आधी पाहा, एकीची दुसरीत बसत नाही. घाईही करा, कारण २०२५च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घ्यायला सुरुवात केली आणि भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या बहुतेक दुरुस्त्या त्याच पट्ट्यांवर झाल्या आहेत. आणि नवाच घ्यायचा असेल तर लॅमिंग्टन रोडवर किंवा नेहरू प्लेसला कंपन्यांनी काढून टाकलेले जुने थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक मिळतात, ते आधी बघा. पाठ उघडून दाखवायला सांगा. साहेबलोकांसाठी बनवलेल्या त्या जाडजूड यंत्रांच्या बहुतेक मॉडेलांत स्लॉट असतो.

तो नसतो नेमका सर्वांत स्वस्त यंत्रात. आमच्या सोसायटीच्या वॉचमनची मुलगी अकरावीत आहे. तिचा लॅपटॉप सध्या माझ्या टेबलावर आहे. २०२१मध्ये नवा घेतलेला, हप्ते दीड वर्ष चालले. चार जीबी मेमरी, सोल्डर केलेली. साठवणीला डिस्कच नाही, बोर्डावरच चिकटवलेली ६४ जीबीची ईएमएमसी चिप. अर्धी जागा विंडोजनेच खाल्ली आहे, अद्ययावत व्हायला लागणारी जागासुद्धा उरलेली नाही. पाठ उघडली तर आत एकही रिकामी खाच नाही. हलकं लिनक्स घालून दिलं तर ब्राउझरच्या दोन खिडक्या धावतील, तिसरी नाही. तिला प्रोग्रॅमिंग शिकायचं आहे.

काल तिचे वडील विचारायला आले होते. “साहेब, तीन हजारांत होईल ना? चौथ्या मजल्यावरच्या काकांचं झालं तसं?”