मासा कशानं मेला?

हॉलच्या कोपऱ्यात फिशटँक, त्यात आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा. फेंगशुईमुळे आपल्या शहरांतल्या कितीतरी घरांत हा नऊ माशांचा संच येऊन बसला आहे. त्यातला एखादा सकाळी उलटा तरंगताना दिसला, की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘घरावरचं संकट त्यानं स्वतःवर घेतलं.’ संध्याकाळी दुकानातून नवा मासा येतो. या समजुतीचं मोठं नुकसान हे, की मासा कशानं मेला हा प्रश्नच घरात उठत नाही. मग नवा मासाही त्याच कारणानं जातो.

ते कारण बहुतेक वेळा पाण्यात असतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तरी तिच्यात 57 लिटरपेक्षा जास्त पाणी मावत नाही. खडे घातले, वर थोडी जागा सोडली, की उरतं 45 ते 50 लिटर. त्यात नऊ गोल्डफिश! नीट जागा मिळाली तर हा मासा वीतभर वाढतो आणि दहा वर्षांहून जास्त जगतो. तो कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, त्यातून आणखी अमोनिया तयार होतो.

निसर्गानं यावर सोय केलेली आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही रसायनं माशांना विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करतात. पण नव्या टाकीत ही वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे मात्र टाकी, खडे, पंप आणि मासे एकाच दिवशी, एकाच बिलावर घरी येतात. मग काही दिवसांतच मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागतात, कल्ले लाल होतात, आणि घरचे म्हणतात की मासेच कमजोर निघाले.

जुन्या टाकीत हेच संकट साफसफाईच्या दिवशी येतं. मासे बादलीत, सगळं पाणी मोरीत, खडे नळाखाली खळखळून धुतलेले, स्पंज साबणानं स्वच्छ. काच लखलखते, पण जिवाणूंची वस्ती धुऊन गेलेली असते. वर भरलेल्या ताज्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो; तो माशांचे कल्ले जाळतो आणि उरलेसुरले जिवाणूही मारतो. त्यापेक्षा दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावं, नवं पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवावं किंवा त्यात क्लोरीन घालवणारा हायपो विरघळवावा, आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. यात कष्ट कमी आणि मासे जगण्याची शक्यता कितीतरी जास्त.

शेजाऱ्यांचे मासे तशाच टाकीत जगतात आणि आपले का मरतात, याचं उत्तर अनेकदा सामूमध्ये, म्हणजे पाण्याच्या पीएचमध्ये सापडतं. पीएच 7 वरून 8 वर गेला, की त्याच अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. पाणी तापलं की तो आणखी वाढतो, शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरणाऱ्या घरानं मे महिन्यात माशांना दाणे टाकताना हात आखडता घ्यायला हवा. गावाला जाताना शेजाऱ्यांकडे दाण्यांची डबी देणं तर टाळावंच. निरोगी मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो. प्रेमापोटी टाकलेले मूठभर दाणे मात्र दोन दिवसांत पाणी नासवतात.

आजार होतच नाहीत असं नाही. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो व्हाइट स्पॉट. या आजाराचा परजीवी कातडीखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो माशापासून सुटून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती नवा मासा शोधत पोहत असताना औषध त्यांना मारतं. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की औषध थांबवणं चूक आहे. आजार बहुधा परत येतो. पण प्रत्येक धाप लागलेल्या माशाला निळं औषध पाजायचं, टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायची, ही सवय त्याहून घातक. अमोनियानं गुदमरणाऱ्या माशाला त्याचा काहीच उपयोग नाही. उलट फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरू शकतात, आणि औषधाला दाद न देणारे जंतू तयार व्हायला वाव मिळतो. माणसाच्या अँटिबायोटिकसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. माशाच्या टाकीत तेच औषध अंदाजानं ओतण्याचा अधिकार कुणालाच नसावा.

झाडांची कथा वेगळी वाटते, पण टाकी तीच. हिरवीगार म्हणून विकली जाणारी काही झाडं पाण्यात जगणारी नसतातच. लकी बांबू म्हणजे ड्रॅसिना. मुळं पाण्यात आणि पानं हवेत असतील तर तो टिकतो, पूर्ण बुडवला की हळूहळू कुजतो. ती कूज पुन्हा अमोनियात भर घालते. जावा फर्न आणि अ‍ॅन्युबियस यांचा आडवा जाड कंद खड्यांत पुरला तर तोही सडतो; ही झाडं दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधायची असतात. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही वाढतात. जागा बदलली की या झाडाची पानं वितळल्यासारखी गळतात. लोक झाड मेलं म्हणून उपटून टाकतात, खरं तर मुळं जिवंत असतात आणि काही आठवड्यांत नवी पानं येतात. फक्त कुजकी पानं कापून बाहेर काढावीत. जुनी पानं आधी पिवळी पडली तर बहुधा नायट्रोजन कमी, कोवळी पानं फिकी आली तर लोहाची शंका. आणि दिवा मध्यरात्रीपर्यंत चालू ठेवला तर झाडांआधी शेवाळ माजतं. सहा ते आठ तास पुरेत.

जबाबदारी एकट्या ग्राहकाची नाही. केंद्र सरकारनं 2017 मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांसाठी नियम काढले होते; पुढे ते मागे घेतले गेले. नवे नियम येतील तेव्हा येतील. तोवर कुर्ल्यातल्या किंवा क्रॉफर्ड मार्केटमधल्या दुकानदाराला रिकामी टाकी विकताना एवढं सांगता येईल, की फिल्टर चालू करा, चिमूटभर दाणे टाकत राहा आणि महिन्यानं या, येताना टाकीतलं बाटलीभर पाणी घेऊन या. त्या पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले, तर दोन मासे द्यावेत, नऊ नव्हेत. तपासणीचं किट औषधांच्या बाटल्यांच्या पुढच्या फळीवर मांडावं. आणि मेलेला मासा घेऊन कुणी दारात आला, तर नवा मासा जाळ्यात पकडण्याआधी त्याला विचारावं: टाकी किती लिटरची, पाणी कधी बदललं, स्पंज कशानं धुतला?