एकशे वीस तास



या तिमाहीत आपल्या कार्यालयात महाविद्यालयांकडून तीन पत्रं आली. तिन्हींचा मजकूर जवळपास सारखाच. आमच्या कला शाखेच्या विद्यार्थिनींना आपल्या संस्थेत प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेऊ द्यावा आणि एकशे वीस तास पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र द्यावं. तिसऱ्या पत्राला तर प्रमाणपत्र टाइप करूनच जोडलं होतं. मुलीचं नाव घातलेलं, 'समाधानकारक' असा शेरा मारलेला, तारीख आणि सही तेवढी कोरी. मुलगी अजून आमच्याकडे आलेलीच नव्हती.

आधी हसू आलं, मग राग आला. आणि मग जरा गप्प व्हावं लागलं, कारण गेल्या वर्षी आपल्या केंद्राने ज्या प्रमाणपत्रांवर सह्या केल्या त्यांचंही पुरतं समर्थन मला करता येत नाही. त्याबद्दल पुढे लिहितेच.

ज्या गटांकडे अशी पत्रं अजून आलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचा नवा आराखडा आला. त्यात वर्गातल्या विषयांबरोबर क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि 'ऑन जॉब ट्रेनिंग' यांनाही श्रेयांक आहेत. मुली सरळ क्रेडिट म्हणतात. ऑन जॉब ट्रेनिंगची चार क्रेडिट, एका क्रेडिटला तीस तास, म्हणून हे एकशे वीस. अभियांत्रिकीच्या मुलीला निदान हिंगण्याच्या एमआयडीसीत कुठेतरी विचारता येतं. पण मराठी वाङ्मय, इतिहास आणि गृहअर्थशास्त्र घेतलेल्या मुलीने जावं कुठे? बऱ्याच ठिकाणी तिला सांगितलं जातं की जागा तुझी तू शोध. मग कुणी ओळखीच्या दुकानातून शिक्का आणते, कुणी पैसे भरून मोबाइलवर प्रमाणपत्र मिळवते आणि कुणी आपल्या दारात येते.

बी.ए. ही आपल्याकडे मुलींना दिलेली पदवी आहे, हे आपण सगळ्याच जाणतो. फी कमी, कॉलेज जवळ, दुपारपर्यंत घरी, आणि लग्न ठरलं तर मधेच सोडता येते. 'नुसतं बी.ए.' हा शब्दप्रयोग मुलाच्या बाबतीत काळजीने वापरतात, मुलीच्या बाबतीत समाधानाने. म्हणून वर्गाबाहेर जाण्याची सक्ती अभ्यासक्रमानेच केली, ही मला मुळात चांगली गोष्ट वाटते. 'मला जायचंय' म्हणणाऱ्या मुलीला घरात जे उत्तर मिळतं ते 'कॉलेजने पाठवलंय' म्हणणारीला मिळत नाही. हा कागद तिच्या हातातलं हत्यार होऊ शकतो.

अर्थात वर्गाबाहेर काढलं म्हणजे घराबाहेर काढलं असं नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दोन वर्षांत दोनशे चाळीस तास आणि सात दिवसांचं शिबिर. मी बी.ए.ला असताना अशाच एका शिबिराला गेले होते. घरून परवानगी मिळवायला मला पंधरा दिवस लागले. गावात पोहोचल्यावर कामाची वाटणी झाली ती अशी: मुलांनी बंधारा बांधायचा, गावाचं सर्वेक्षण करायचं, रात्री पथनाट्य बसवायचं. मुलींनी सकाळचा नाष्टा, दोन वेळचा स्वयंपाक आणि संध्याकाळी प्रार्थनेची रांगोळी. सात दिवसांत मी किती पोळ्या लाटल्या ते सांगू शकेन, पण त्या गावात किती घरं होती ते मला आजही सांगता येणार नाही. आमच्या प्राध्यापकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना हे खटकलंच नाही, इतकंच. आम्हालाही खटकलं नाही, हे जास्त वाईट.

एम.एस.डब्ल्यू.ला आल्यावर फरक कळला. तिथे आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य असे. वस्तीत जायचं, आल्यावर काय पाहिलं ते लिहायचं, आणि ते लिहिलेलं समोर ठेवून आमच्या मॅडम उलटतपासणी घ्यायच्या. 'ती बाई गप्प बसली' असं मी लिहिलं होतं, त्यावर त्यांनी विचारलं, 'तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?' तिची सासू होती. त्या एका प्रश्नाने मला जे शिकवलं ते बी.ए.च्या तीन वर्षांत समाजशास्त्राच्या पेपरने शिकवलं नव्हतं. वर्गाबाहेरच्या शिक्षणाला वस्ती लागतेच, पण परत आल्यावर असं विचारणारं माणूसही लागतं.

नागपुरात वस्तीची तरी वाण नाही. हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमपासून निघालेले कितीतरी मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात. अंगणवाडी सेविका, आशा, कंत्राटी कामगार रस्त्यावर बसून असतात. कला आणि समाजविज्ञान शिकवणाऱ्या शंभराहून अधिक वर्षं जुन्या कॉलेजचं नाव त्या चौकाला आहे. म्हणजे राज्यशास्त्राचा अख्खा पेपर फाटकाबाहेर येऊन बसतो. आणि नेमकं त्याच दिवशी 'आज गर्दी असते, जाऊ नको' म्हणून मुलींना घरी ठेवतात!

याच शहरात २० जुलै १९४२ ला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्याशी बोलले. घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून अधिक बायका करण्यावर बंदी हवी, कामगार स्त्रीला रजा हवी, असे ठराव तिथे झाले. हिंदू कोड बिलाच्या कितीतरी आधी! हा इतिहास आपल्यापर्यंत पोहोचला तो विद्यापीठाच्या कुठल्या प्रकल्पातून नव्हे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी आंबेडकरी चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांची घरं शोधत फिरल्या, म्हाताऱ्या बायांसमोर बसल्या, त्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या, आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. दोघींनाही त्याचे कुणी क्रेडिट दिले नव्हते. त्या परिषदेला गेलेल्यांच्या लेकी-सुना आज सत्तरी-ऐंशीत आहेत. इंदोऱ्यात, पाचपावलीत, कामठीत. इतिहास घेतलेल्या वीस मुली वही घेऊन त्यांच्याकडे गेल्या तर एकशे वीस तास पुरायचे नाहीत.

कायद्याचंही तसंच. देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ मध्ये मथुरेवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये पोलिसांना दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडून दिलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. चार शिक्षकांनी वर्गाबाहेर पाऊल टाकलं तर काय होतं, ते आपल्या विदर्भातल्या या खटल्याने दाखवलं आहे. पण आमच्याकडे आलेल्या मुलींपैकी एकीनेही मथुरेचं नाव ऐकलेलं नव्हतं. दोष त्यांचा नाही.

आता आपल्या केंद्राबद्दल. गेल्या वर्षी आम्ही आठ मुली घेतल्या. पहिल्या दिवशी गोल करून बसलो, ओळखी झाल्या, गाणी झाली. दुसऱ्या दिवशी दोन तातडीच्या केसेस आल्या, आमची धावपळ सुरू झाली आणि मुलींना आम्ही 'काहीतरी काम' दिलं. जुन्या फायली तारखेप्रमाणे लावणं. नोंदवहीतली माहिती संगणकात भरणं. आठ मार्चचे फलक रंगवणं. पाहुणे आले की चहा. महिनाभरात त्यांनी आमचं वर्षभराचं तुंबलेलं काम उपसलं, आम्ही त्यांचं कौतुक केलं आणि सह्या दिल्या. मुलींनी पोळ्या लाटल्या नाहीत, एवढाच काय तो फरक.

त्यात एक चूक फार मोठी झाली. नोंदवहीत बायांची नावं-पत्ते होते आणि ती आम्ही तशीच मुलींच्या हातात दिली. त्यांतली एक मुलगी मधेच यायची थांबली. फोन केला तर 'बरं नाही' म्हणाली. दोन आठवड्यांनी एकटी आली, दार लोटून बसली. तिला वहीत तिच्याच वस्तीतल्या, नात्याने मावशी लागणाऱ्या बाईचं नाव दिसलं होतं. म्हणाली, 'ताई, मी इथे येते हे मावशीला कळलं तर ती यायची बंद होईल ना? म्हणून मीच येत नव्हते.' एकोणीस वर्षांच्या त्या मुलीला गोपनीयतेचा अर्थ आम्ही शिकवला नव्हता. तिने तो स्वतः शोधला आणि त्यासाठी स्वतःचे क्रेडिट सोडायला निघाली होती. आम्ही मात्र पंधरा वर्षं समुपदेशन करतो.

त्यानंतर आमच्यात बरीच वादावादी झाली. एक मत असं की मुली घ्यायच्याच नाहीत, आपल्याला वेळ नाही, दोन पगारी कार्यकर्त्यांवर केंद्र चालतं. हे खरं आहे आणि मी ते हलकं घेत नाही. पण नव्या मुली येत नाहीत म्हणून प्रत्येक बैठकीत आपणच उसासे टाकतो. आता त्या दारात येत आहेत, तर आपण म्हणणार वेळ नाही?

दुसरा वाद पैशांवरून झाला. कळमेश्वरकडून येणाऱ्या मुलीचा एसटीचा पास घर ते कॉलेज एवढाच चालतो. आपल्या केंद्रापर्यंतचं तिकीट वेगळं. अर्ध्या तिकिटाची सवलत २०२३ पासून सगळ्या स्त्रियांना आहे, तरी पुढची शहर बस आणि दुपारचं खाणं धरलं तर एकशे वीस तासांत शेतमजुराच्या घराला हा खर्च जाणवतो. शिवाय यांतल्या निम्म्या मुली आधीच कमावत्या आहेत. शिकवण्या घेतात, कापडाच्या दुकानात उभ्या राहतात. प्रशिक्षणाच्या महिन्यात ती कमाई बुडते. 'सेवेचे पैसे कसले' असं आमच्यातली एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली. तिचा मी आदर करते, पण आशांच्या मोर्चात तिच्याच शेजारी उभं राहून मी 'मानधन नको, वेतन द्या' अशी घोषणा दिली आहे. बाईचं काम फुकट घ्यायची सवय आपल्या संस्थांनाही लागते. ती सवय सेवेच्या नावाखाली चांगली लपते.

सुरक्षिततेचं सांगायला हवं, कारण यात गैरसमज बरेच आहेत. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगार न घेणाऱ्या प्रशिक्षणार्थीलाही लागू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत तर 'परिसर' या शब्दात मुलगी जिथे इंटर्नशिपला जाते ती जागाही धरलेली आहे. म्हणजे बाहेर पाठवलं की कॉलेजची जबाबदारी संपत नाही. आणि आपल्यापैकी ज्या संस्थांत दहापेक्षा कमी माणसं काम करतात त्यांची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे मुलीला पहिल्याच दिवशी लिहून द्यायला हवं. आपण बायांची संस्था आहोत, आपल्याकडे असं काही होत नाही, हे वाक्य कृपया कुणी बोलू नये. वस्तीत, कोर्टाच्या आवारात, पोलीस ठाण्यात ती आपल्याबरोबर येते.

तर आमच्या केंद्रापुरतं ठरलं ते असं. एका वेळी तीनच मुली. त्यांच्यासाठी आठवड्यातला एक तास कुणीतरी एकीने राखून ठेवायचा आणि त्या तासाला फोन घ्यायचा नाही. केसच्या वह्यांना त्यांनी हात लावायचा नाही, एकटीने कुणाशी समुपदेशन करायचं नाही. येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण केंद्राकडून. त्यासाठी या वर्षीच्या मेळाव्याचा मांडव लहान करू. प्रत्येकीने आपल्याच विषयातलं काहीतरी घेऊन यायचं. अर्थशास्त्रवालीने वस्तीतल्या बचत गटाचे व्याज मांडून पाहावं, मराठीवालीने आपले अर्ज आणि पत्रकं बायांना कळतील अशी पुन्हा लिहावीत. (हे दुसरं काम आपल्याला किती गरजेचं आहे ते आपली पत्रकं वाचलेल्या कुणालाही पटेल.) आणि चहा आळीपाळीने, आम्हीसुद्धा.

हे सगळं कितपत जमेल माहीत नाही. तीन मुली म्हणजे फार कमी, असं मलाही वाटतं. वर्ध्याच्या, अमरावतीच्या, चंद्रपूरच्या गटांनी काही वेगळं केलं असेल, किंवा मुली न घेण्याचा निर्णय घेतला असेल, तर तो का घेतला ते सविस्तर कळवा. पुढच्या अंकात दोन पानं त्यासाठी ठेवली आहेत. तुमच्याकडे येऊन गेलेल्या मुलींनी स्वतः लिहिलं तर आधी त्यांचं छापू.

ते टाइप केलेलं प्रमाणपत्र आम्ही सही न करता परत पाठवलं. सोबत लिहिलं की मुलीला बुधवारी अकरा वाजता पाठवा, आणि तिच्याबरोबर तिच्या एका प्राध्यापकांनाही. गेल्या वर्षी मधेच थांबलेली ती मुलगी आता पुन्हा येऊ लागली आहे. तिचे तास कधीच पूर्ण झाले आहेत. बुधवारी नव्या मुलींशी पहिलं बोलणं तीच करणार आहे. मावशीची परवानगी तिने आधी घेतली.