वॉर्निंग शून्य, अक्कल शून्य

लिनक्स कर्नलमधल्या वॉर्निंग्ज 'साफ' करणाऱ्यांचा मला उबग आलाय. पॅच येतो, वर मथळा: 'स्पार्सच्या वॉर्निंग्ज काढल्या.' उघडून बघावं तर जिथे तिथे फोर्स कास्ट, म्हणजे 'टाइप तपासू नकोस' असा हुकूम, ठोकलेला. वॉर्निंग मुळात का येत होती, याबद्दल कमिट मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

स्पार्स म्हणजे ऑडिटवाल्यांनी गळ्यात मारलेलं खेळणं नव्हे. कोड तपासणारं हे साधन लिनस टॉरवाल्ड्सने २००३ मध्ये याच कर्नलसाठी लिहिलं. पॉइंटर युजरच्या प्रोग्रॅमकडून आलाय की कर्नलचा स्वतःचा आहे, आकड्याच्या बाइटचा क्रम लिटल एंडियन की बिग, याचं सी भाषेला सोयरसुतक नाही. म्हणून टाइपवर खुणा करायच्या आणि स्पार्सने त्या तपासायच्या. हे फुकटचं शहाणपण ज्यांना मिळतं, तेच त्याचं तोंड दाबायला निघतात.

एक साधा ड्रायव्हर घ्या. डिस्क्रिप्टरमधली लांबी हार्डवेअर लिटल एंडियनमध्ये लिहितं. आपल्या भिडूने ती तशीच उचलून साध्या ३२ बिटी आकड्यात टाकली. स्पार्स ओरडलं. आता एक तर आकडा प्रोसेसरच्या क्रमात आणणारं फंक्शन वापरायचं, नाही तर फोर्स कास्ट मारून मोकळं व्हायचं. एक्स८६ वर ते फंक्शन काहीच करत नाही, त्यामुळे दोन्हींचं मशीन कोड सारखंच. टेस्ट पास, साहेब खूश. तोच ड्रायव्हर आयबीएमच्या बिग एंडियन एस३९० वर चालवा: ५१२ ची लांबी १,३१,०७२ होते! आणि आता ओरडायलाही कुणी नाही.

'पण आमचं हार्डवेअर एक्स८६ वरच चालतं हो.' मग तसं केकॉन्फिगमध्ये, बिल्डच्या अटींत, लिहा ना! टाइपमध्ये खोटं कशाला लिहिता?

एंडियनचं एक वेळ सोडून देईन. युजर पॉइंटरवर फोर्स मारणाऱ्याला मात्र माझ्याकडे माफी नाही. युजरने दिलेला पत्ता कॉपी-फ्रॉम-युजरमधून न जाता थेट वाचला, तर तो पत्ता खरंच युजरच्या हद्दीतला आहे का, हे कोण बघणार? कर्नलच्या पोटातला पत्ता दिला तरी कर्नल इमानेइतबारे वाचून देईल. वॉर्निंग नेमकं हेच सांगत होती.

या खोडीची किंमत डेबियनने मोजली आहे. २००६ मध्ये व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाची तक्रार थांबवण्यासाठी त्यांच्या ओपनएसएसएलमधून दोन ओळी काढल्या गेल्या. कुरकुर थांबली. २००८ मध्ये कळलं की यादृच्छिकतेसाठी जवळपास फक्त प्रोसेस आयडी उरला होता. ठरावीक प्रकारच्या नि लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजार, कुणीही बसून मोजाव्यात. तिथे कर्नल नव्हता नि स्पार्सही नव्हतं, पण वृत्ती हीच.

फोर्सला जागा नाही असं नाही. क्रम बदलणाऱ्या फंक्शनच्या आत तो लागतोच. इतरत्र वापरायचा तर वर एक ओळ लिहा, का ते सांगा. एवढ्यावरच निम्मे पॅच गळून पडतील, कारण सांगण्यासारखं काही नसतंच. डॅशबोर्डवरचा आकडा शून्य करायचं टार्गेट असतं, बस.

'सर, मग वॉर्निंग तशीच ठेवायची का?' असं नवी पोरं विचारतात. हो, ठेव. ज्या बाइटवर वॉर्निंग आली ते कुणी लिहिले हे डेटाशीटमध्ये शोध, मग पॅच पाठव.