दुवा उघडत नाही, तेव्हा दोष कुणाचा?

मोबाइलवर आलेली लिंक दाबली आणि पडद्यावर '४०४' किंवा 'पान सापडले नाही' असे आले की आपल्याकडचा माणूस दोनपैकी एक अर्थ काढतो. एक तर मुदत संपली, नाही तर आपल्यालाच हे जमत नाही. धुळ्यातील माझ्या एका नातेवाइकांनी मुलीच्या प्रवेशअर्जाची लिंक व्हॉट्सॲपवर मिळताच उघडली, ४०४ पाहिला आणि 'प्रवेश बंद झाले' असे घरात सांगून टाकले. प्रवेश सुरूच होते. त्याच संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावरून गेल्यावर तोच अर्ज व्यवस्थित उघडत होता. माझे म्हणणे सरळ आहे. हा दोष लिंक दाबणाऱ्याचा नाही, संकेतस्थळ बांधणाऱ्याचा आहे. आणि जळगाव-धुळ्यात हे काम शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तो आधी समजून घेतला पाहिजे.

पूर्वी सर्व्हरवर प्रत्येक पानाची वेगळी फाइल असायची. आता रिॲक्ट, व्ह्यू, अँग्युलर वापरून बांधलेल्या अनेक ॲपमध्ये सर्व्हरवर खरे पान एकच असते. ते एकदा उतरले की पुढची सगळी पाने जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्येच रंगवते आणि वरच्या पट्टीतला पत्ताही स्वतःच बदलते. मुखपृष्ठावरून बटणे दाबत 'प्रवेश', मग 'अर्ज' असे गेलात तर सर्व्हरला कुणी काही विचारतच नाही. पण तोच पत्ता थेट उघडला किंवा पान रिफ्रेश केले, तर ब्राउझर आधी सर्व्हरकडे जातो. सर्व्हर त्या नावाची फाइल शोधतो, ती नसते, आणि तो ४०४ सांगून मोकळा होतो. जावास्क्रिप्टला बोलण्याची संधीच मिळत नाही.

म्हणजे ही अशी एसटी झाली, जी जळगाव डेपोत बसलेल्याला धुळ्यापर्यंत नेते, पण एरंडोल किंवा पारोळ्याला हात दाखवणाऱ्याला सांगते की असा थांबाच नाही. बांधणारा नेहमी डेपोतच बसतो, म्हणून त्याला गाडी उत्तम चाललेली दिसते. आपले लोक मात्र मधल्या थांब्यावर उभे असतात. त्यांच्याकडे लिंक येते ती नातेवाइकांकडून, मोहल्ल्याच्या ग्रुपवरून, शाळेच्या सरांकडून. मुखपृष्ठ त्यांनी कधी पाहिलेलेच नसते.

दुरुस्ती करताना पहिला प्रश्न विचारावा: ४०४ कोण म्हणाले? ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क हा भाग उघडून पान रिफ्रेश करावे. पहिल्याच विनंतीपुढे ४०४ असेल तर नकार सर्व्हरचा. तिथे २०० असेल आणि तरीही 'पान सापडले नाही' दिसत असेल, तर गडबड ॲपमधील मार्गांच्या यादीत आहे. एवढी विभागणी केली की निम्मे काम संपते.

सर्व्हरचा नकार असेल तर उपाय छोटा आहे. मागितलेली फाइल सापडली नाही तर एकमेव मुख्य पान द्या, असे सर्व्हरला सांगायचे. एनजिनएक्समध्ये ही एका ओळीची गोष्ट आहे, अपाचेमध्येही सोय आहे. एक्सप्रेसमध्ये मात्र हा नियम सर्वांत शेवटी लिहावा. तो वर गेला की माहितीच्या विनंतीलाही एचटीएमएल पान मिळते आणि कन्सोलमध्ये '<' हे चिन्ह अनपेक्षित असल्याची तक्रार दिसते. ती तक्रार दिसली की समजावे, जेसन हवे होते तिथे पान आले. गिटहब पेजेसवर असा नियम लिहिता येत नाही. तिथे पत्त्यात '#' वापरणारी पद्धत चालते, कारण '#' नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही.

ॲपमधील चूक बहुधा क्रमाची किंवा आवृत्तीची असते. एक्सप्रेसमध्ये आधी जुळलेला मार्ग जिंकतो. कोणताही क्रमांक स्वीकारणारा 'विद्यार्थी' मार्ग वर आणि 'नवीन विद्यार्थी' खाली लिहिला, तर 'नवीन' हा शब्दच क्रमांक समजला जातो. रिॲक्ट राउटरच्या सहाव्या आवृत्तीने २०२१ मध्ये जुनी 'स्विच' पद्धत काढून 'राउट्स' आणली. युट्यूबवरचा जुना व्हिडिओ पाहून लिहिलेला कोड नव्या आवृत्तीवर चालत नाही, आणि शिकणाऱ्या मुलीला वाटते आपलीच बुद्धी कमी पडली. तिने आधी आवृत्ती तपासावी, मग स्वतःला दोष द्यावा.

काही जण म्हणतात, लोकांनी मुखपृष्ठावरूनच यावे, त्यात एवढे काय? हे मला मान्य नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले की, चांगला पत्ता बदलत नाही. लिंक म्हणजे दिलेला शब्द आहे. काही जण दुसरी पळवाट काढतात आणि प्रत्येक चुकीचा पत्ता गुपचूप मुखपृष्ठाकडे वळवतात. त्याने ४०४ दिसत नाही, पण माणूस हरवतो. पत्ता खरेच चुकीचा असेल तर तसे मराठीत, जमल्यास उर्दूतही, स्पष्ट सांगावे आणि अर्जाकडे जाण्याची वाट दाखवावी.

माझी एक सूचना आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, संगणकाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प करावा लागतो. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर मुखपृष्ठ पाहून समाधान मानू नये. प्रकल्पातील एखाद्या आतल्या पानाची लिंक स्वतःच्या मोबाइलवर मागवावी, उघडावी आणि एकदा रिफ्रेश करावी. मिनिटभराचे काम आहे, खर्च शून्य.

आपल्या तरुणांनी तर परीक्षकाची वाट पाहू नये. संस्थेचे, मदरशाचे, दुकानाचे संकेतस्थळ बांधून झाले की लिंक आधी आईच्या फोनवर पाठवा. तिथे उघडली, तरच काम झाले म्हणा.