रात्रपाळीचा भत्ता ही मेहेरबानी नव्हे

मा. संपादक,

रात्रपाळीच्या भत्त्याला 'फुकटची चैन' म्हणणारे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यातली मूळ चूक आधी दुरुस्त करायला हवी. १९४८च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेला दुप्पट दर जादा तासांचा आहे, रात्रीचा नव्हे. ठरलेले तास ओलांडले तरच तो लागू होतो. आठ तास रात्री राबणाऱ्याला त्यातून एक पैसाही मिळत नाही. तेव्हा 'कायद्याने आधीच दुप्पट दिले' हा दावा चुकीचा आहे.

सरकारी तिजोरीचे म्हणाल, तर केंद्राचा रात्रपाळीच्या भत्त्याविषयीचा जुलै २०२०चा आदेश वाचावा. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत दर तासामागे दहा मिनिटांची भर, तीही मूळ वेतन ४३,६०० रुपयांपर्यंत असलेल्यांनाच.

'रात्री काम कमी असते' असे म्हणणाऱ्यांनी आमच्या कारंजात, नागपूर-अमरावती महामार्गावर एक रात्र काढावी. अपघातातला जखमी घड्याळ पाहून येत नाही. पंपावरचा पोरगा, ढाब्यावरचा आचारी, चौकीदार यांना झोप घ्यायची ती दिवसा, विदर्भातल्या मे महिन्यात, तापलेल्या टिनाखाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७मध्ये रात्रपाळीला संभाव्य कर्करोगकारक गटात घातले आणि २०१९मध्ये ते कायम ठेवले.

'नोकरी धरताना माहीत नव्हते का?' माहीत होते. दुसरी नोकरी नव्हती. म्हणूनच खासगी नोकरीतही निदान केंद्राइतकी भर मिळावी, आणि ती पगारपत्रकावर वेगळ्या रकान्यात दिसावी.

आपला,
एक वाचक, कारंजा (घाडगे), जि. वर्धा