सॅन फ्रान्सिस्को पूर्वेला की पश्चिमेला?

2017 सालची गोष्ट. तेव्हा मी सातवीला भूगोल शिकवत असे. चाचणीत प्रश्न घातला होता : दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान कोणत्या दिशेने जाईल? एका मुलीने लिहिले, ‘पूर्वेकडे’. मी लाल पेनाने फुली मारली. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला. यात विचार तो काय करायचा! ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “बाई, माझे काका पूर्वेकडूनच गेले. विमानातल्या पडद्यावर जपान दिसत होते.” मी म्हटले, “काकांची काही गफलत झाली असेल. जागेवर बस.”

गफलत माझीच होती. एअर इंडियाचे हे विमान डिसेंबर 2015 मध्ये सुरू झाले तेव्हा युरोप व अटलांटिक महासागरावरून जात असे. ऑक्टोबर 2016 मध्ये ते उलट बाजूने, प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. जुना मार्ग सुमारे 13,900 किलोमीटरचा, नवा सुमारे 15,300 चा. म्हणजे 1,400 किलोमीटर जास्त. तरीही विमान साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोहोचले. कारण वारा. आपल्या डोक्यावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. अटलांटिकवरून जाताना ते विमानाच्या तोंडावर येत, प्रशांतवरून जाताना पाठीवर. गंमत म्हणजे परतताना विमान अटलांटिकवरून, पुन्हा पूर्वेकडेच येई. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणाच!

आता पृथ्वीगोलावर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून पाहा. तो ना पूर्वेला जातो ना पश्चिमेला. सरळ उत्तरेला सैबेरियावरून आर्क्टिक महासागरात शिरतो. हे सर्वांत जवळचे अंतर, सुमारे 12,400 किलोमीटर. सपाट नकाशात ते कधीच दिसणार नाही.

आपण मात्र मुलांना अंतर भागिले वेग एवढेच शिकवतो आणि उत्तराखाली दोन रेघा मारायला लावतो. वारा कुठे आहे, वाट कुठून आहे, कोणाचे आकाश खुले आहे, हे त्या सूत्रात येत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत युरोपात इंधनासाठी उतरावे लागले. अंतर तेच होते, तास बदलले. एवढ्या लांब कशाला जा, आपल्या इंदूरहून अवंतिकाने मुंबईला निघालेला माणूस आधी उज्जैनला, म्हणजे उत्तरेलाच जातो की!

माझे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदीतून झाले. मराठीतून भूगोल शिकवायला लागले तेव्हा सगळे लक्ष ‘देशांतर’च्या जागी ‘रेखांश’ म्हणण्याकडे असे. शब्द बरोबर आले की विषय आला, असे मला वाटे. मुलीने जे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाकडून ऐकले होते, ते मी पुस्तकात नाही म्हणून खोडले. याची खंत आजही आहे.

म्हणून शिक्षकांना माझे सांगणे आहे की दिशेचा प्रश्न विचारताना ‘का?’ हेही विचारा, आणि कारण पटले तर गुण द्या. पृथ्वीगोल या सत्रापासून कपाटात कुलूप लावून ठेवला जाणार नाही. मुलांचे हात लागून रंग उडाला तर उडू द्या, दुसरा आणू.

पालकांनाही विनंती. घरातले कोणी परदेशी जाऊन आले की जाताना किती तास लागले आणि येताना किती, हे मुलांना अवश्य सांगा. मात्र घड्याळाची वजाबाकी करू नका. दिल्लीहून पहाटे 3 ला निघून 16 तास उडालेले विमान उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरते. हे कसे, ते मुलांनाच काढू द्या.